हिरवा दिवा लागतो, बॅटरी रिकामीच राहते: रिपेअर मोडवाल्या चार्जरचा काही महिन्यांचा अनुभव

१२ व्होल्ट, ५ अँपिअरचा, रिपेअर मोड (खराब बॅटरी सुधारण्यासाठीची जास्त व्होल्टेजची सोय) असलेला ऑटोमॅटिक चार्जर. रोजच्या वापरातली बॅटरी भरायला उत्तम, तिथे तक्रार नाही. पण पडून राहिलेल्या, चार्ज न धरणाऱ्या लेड-ॲसिड बॅटऱ्या पुन्हा उभ्या करायच्या असतील, तर याचा हिरवा दिवा सरळ दिशाभूल करतो. बॅटरी जितकी खराब, तितका तो लवकर लागतो.

बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली की प्लेटांवरच्या लेड सल्फेटचे बारीक कण वाढून मोठे, कठीण स्फटिक होतात. ते वीज वाहू देत नाहीत, म्हणून आतला रोध वाढतो. चार्जर लावला की काही मिनिटांत व्होल्टेज १४.४ वर आणि करंट जेमतेम ०.१ अँपिअर. भरलेली बॅटरीही नेमकी अशीच वागते, त्यामुळे चार्जर ‘फुल’ ठरवून मोकळा होतो. ३५ अँपिअर-अवर साठवणक्षमतेच्या बॅटरीत तोवर एक अँपिअर-अवरही गेलेला नसतो.

पडद्यावर टक्के दिसतात, अँपिअर दिसत नाहीत. या यंत्राचा सगळ्यात मोठा दोष हाच. करंट दाखवणारा एक आकडा दिला असता तर निम्मी कटकट वाचली असती. आता दर वेळी मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून सिरीजमध्ये जोडावा लागतो. शिवाय वीज क्षणभर गेली तरी चार्जर रिपेअर सोडून साध्या मोडवर येतो, आणि ८ व्होल्टच्या खालची बॅटरी तर ओळखतच नाही. त्यावर चांगली बॅटरी समांतर जोडून त्याला फसवता येतं, पण नुसत्या वायरीने जोडू नका. मधे २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा, म्हणजे करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपासच अडतो.

खरं काम होतं ते व्होल्टेज आणि करंट दोन्ही वेगवेगळे बांधता येणाऱ्या डीसी पॉवर सप्लायवर. बॅटरी गाडीतून बाहेर काढूनच हे करायचं, कारण १५ व्होल्टच्या वर गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स सोसत नाही. आधी झाकणं उघडून पाहा. पाणी गढूळ तपकिरी असेल तर प्लेटांचा माल झडलाय, चार्जिंगने तो परत चिकटत नाही. प्लेटा उघड्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. पूर्ण पातळी चार्जिंग संपल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. ॲसिड अजिबात घालू नका. हरवलेलं ॲसिड सल्फेट होऊन प्लेटांतच अडकलेलं असतं, ते तिथूनच परत यायला हवं. एप्सम सॉल्टचा सल्ला बरेच जण देतात, पण मीठ विरघळलं की ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा खोटाच वाढतो आणि तपासायचं साधनही हातचं जातं.

करंटची मर्यादा क्षमतेच्या पन्नासाव्या भागावर, म्हणजे ३५ अँपिअर-अवरला ०.७ अँपिअर. व्होल्टेजची मर्यादा १५.५. सप्लायच्या प्लस वायरीत फ्यूज आणि डायोड हवाच, नाहीतर वीज गेल्यावर बॅटरी उलटी सप्लायमध्ये रिकामी होते. डायोडवर थोडं व्होल्टेज पडतं, म्हणून मोजमाप बॅटरीच्या टर्मिनलवर घ्या. सुरुवातीला व्होल्टेज मर्यादेला टेकतं आणि करंट ०.०५ वर अडतो. इथेच बहुतेक लोक बॅटरी भंगारात काढतात. थांबा. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, करंट हळूहळू चढून ०.७ ला पोचतो आणि मग व्होल्टेज खाली घसरून १२.५ ते १३ वर येतं. स्फटिक विरघळू लागल्याची ही खूण. तिथून पुढे दोन-अडीच दिवसांचं साधं चार्जिंग. व्होल्टेज उतरलंच नाही तर त्या बॅटरीवर आणखी वीज घालवू नये.

रिपेअर मोड म्हणजे निव्वळ जाहिरात, असं सुरुवातीच्या वापरानंतरचं मत होतं. ते आता बदललंय. तो आधी नाही, शेवटी लावायचा असतो. हळू चार्जिंगमध्ये जड ॲसिड तळाशी साचतं आणि वर घातलेलं पाणी वरच राहतं, म्हणून हायड्रोमीटर वरच्या थरात १.२१० दाखवतो. रिपेअर मोड १५.८ व्होल्टपर्यंत जातो, सगळ्या सेलमध्ये, म्हणजे बॅटरीतल्या सहा कप्प्यांत, जोरदार बुडबुडे येतात आणि ॲसिड ढवळून निघतं. दोन-तीन तासांत तोच आकडा १.२५० च्या पुढे गेलेला दिसतो. सहाही सेल १.२६५ च्या आसपास येऊन तासातासाने घेतलेली तीन रीडिंग सारखी आली, की बॅटरी खरंच भरली. पाच सेल वर आणि एक १.१५० वरच अडला, त्यात बुडबुडेही नाहीत, तर तो सेल आतून शॉर्ट आहे. मग विषय संपला.

या वेळी हायड्रोजन भरपूर सुटतो. खोली उघडी हवी, आणि क्लिपा काढायच्या आधी चार्जर बंद. बॅटरीचं अंग ४५ अंशांच्या वर तापलं किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच थांबवा. सीलबंद बॅटरीला हा मोड लावूच नये. तिची मर्यादा १४.७, कारण झडपेतून गेलेलं पाणी परत घालता येत नाही.

शेवटची तपासणी त्याच २१ वॉटच्या बल्बवर. बॅटरी एक दिवस विसावू द्या, १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. मग बल्ब जोडा. ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी १०.५ व्होल्टवर यायला साधारण २० तास घेते. १२ तास टिकली तर साठ टक्के क्षमता परत आली. तशी बॅटरी दिव्यांना, छोट्या पंपाला चालते, थंडीत इंजिन फिरवायला तिच्यावर विसंबू नये. १०.५ ला बल्ब काढून त्याच दिवशी परत चार्जिंगला लावा. दुसऱ्या फेरीत एक-दोन तास वाढले तर तिसरी फेरी करा, वाढले नाहीत तर तीच तिची खरी क्षमता धरा.