मेट्रोनं आणि पायी, एका दिवसात पुणं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

कोथरूडला आमच्याकडे पाहुणे आले की "एका दिवसात पुणं दाखव" हे ठरलेलंच. आधी आम्ही दिवसभरासाठी गाडी करायचो आणि निम्मा दिवस पेठांतल्या गर्दीत, पार्किंग शोधण्यात जायचा. गेल्या आठ महिन्यांत सहा वेळा पाहुण्यांना फक्त मेट्रोनं आणि पायी फिरवलं. त्यांत सोलापूरची बहात्तर वर्षांची आत्या होती आणि पाच वर्षांचा भाचाही. आता गाडी करायचं डोक्यातही येत नाही.

पहिल्या फेरीत मी नावाजलेली ठिकाणं आधी, बाकीची नंतर असा क्रम लावला होता. भर दुपारी शनिवारवाड्यात पोचलो. १८२८च्या आगीत वरचे लाकडी मजले गेले, आत उरलेत ते मुख्यतः चौथरे आणि हिरवळ. सावली कमीच. भाचा रडकुंडीला आला. तेव्हापासून मी आधी ऊन बघते, मग स्थानकं, आणि यादी सगळ्यात शेवटी.

आता सकाळी लवकर कोथरूडच्या वनाज स्थानकाहून थेट कल्याणीनगर गाठतो, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. तिथून आगाखान पॅलेस साधारण किलोमीटरभर आहे. हा वारसा जपण्यासाठीच मेट्रोचा मार्ग पॅलेससमोरून न नेता कल्याणीनगरातून वळवला, त्यामुळे एवढं चालणं आलंच. एकदा रिक्षावाल्यानं "इतक्या जवळ येत नाही" म्हणून सरळ नकार दिला आणि आत्याला उन्हात थांबावं लागलं. तेव्हा ज्येष्ठ सोबत असतील तर हे अंतर आधीच हिशेबात धरा.

पण या पॅलेससाठी घाई करू नका. १८९२ साली, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तो बांधला गेला. १९४२च्या ऑगस्टमध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई इथं स्थानबद्ध झाले. महादेवभाई आठवडाभरातच गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ला. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. महादेवभाईंच्या निधनाची तारीख १५ ऑगस्ट १९४२. आत्या बोटं मोजत म्हणाली, "अगं, पाचच वर्षं राहिली होती की." मग चपला काढून बराच वेळ तिथंच उभी राहिली. गाडी बाहेर ताटकळत नसल्यानं मीही तिला चल म्हटलं नाही.

परतताना सिव्हिल कोर्टला मार्गिका बदलायची. इथं नकाशावर फसगत होते. वनाज-रामवाडी मार्गिका उंचावर आणि स्वारगेटची जमिनीच्या खूप खाली, त्यामुळे एकामागून एक सरकते जिने. आत्यानं निऱ्या उचलल्या, पाऊल पुढं टाकलं आणि पटकन मागं घेतलं. "मला नाही जमायचं हे." लिफ्ट आहेत, पण शोधून, वाट बघून उतरायला दहा मिनिटं सहज जातात. खालची गाडी मात्र मुठेच्या पात्राखालून जाते, हे ऐकून भाचा खिडकीला नाक लावून बसला.

कसबा पेठेला उतरून कसबा गणपती, लालमहाल, शनिवारवाडा, मग जेवण. दगडूशेठ गणपतीवरून मंडईकडे चालत येतो आणि टळटळीत दुपार केळकर संग्रहालयात काढतो. डॉ. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं हे उभं केलं. दिवे, अडकित्ते, फण्या, दरवाजे, आणि मूळ जागेवरून आणून इथं उभारलेला मस्तानी महालही. आत्या अडकित्त्यांसमोर रमली. तिच्या आईकडे घोड्याच्या आकाराचा एक होता म्हणे. इथं दोन तास लागतातच, तासाभरात उरकायचं असेल तर जाऊच नका.

मंडई ते स्वारगेट एकच स्थानक. संध्याकाळी सारसबागेत आत्या तळ्यातल्या गणपतीपाशी बसते, बाकीचे पर्वती चढून येतात. ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांना वर न्यायचा हट्ट धरू नये, तळ्याकाठी छान वारा असतो.

खर्चाचं म्हणाल तर मेट्रोचं कमाल भाडं ३५ रुपये आणि शनिवार-रविवारी तिकिटावर तीस टक्के सूट. दिवसाचा पास १०० रुपयांचा आहे. आमचे चारच प्रवास होतात, म्हणून मी सुटी तिकिटं घेते. तुमच्या फेऱ्या जास्त असतील तर आधी बेरीज करून बघा. तिकीट काढतानाच कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं तेही विचारून घ्या, नाहीतर मंडईत भलत्याच तोंडाशी निघून रस्ता ओलांडायची वेळ येते.

एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास स्वारगेटहून परतू नका, ऑफिसची गर्दी असते. आम्ही सारसबागेत भेळ खाऊन आठनंतर निघतो, तेव्हा आत्याला वनाजपर्यंत बसायला जागा मिळते.