ग्रँड सेको क्रोनोग्राफ, सेकंडहँड: सहा महिन्यांचा अनुभव

पणजीत एका ओळखीच्या कलेक्टरकडून ग्रँड सेकोचं लिमिटेड एडिशन स्प्रिंग ड्राइव्ह क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ घेतलं, आत ९आर८६ नावाचं मशीन. सगळ्यात आधी सेकंद काटा बघा, टिक टिक नाहीच, मांडवीच्या पाण्यासारखा सरकत राहतो, रायबंदर-चोडण फेरीबोटीत बसून मी नुसता तोच बघत होतो आणि फेरी कधी लागली कळलंच नाही! चावी स्प्रिंगची, पण वेग सांभाळायला क्वार्ट्झचा स्फटिक, त्यामुळे महिन्याला फार तर १५ सेकंदांचा फरक असं कंपनी म्हणते, माझ्याकडे त्याहून कमीच पडला. ७२ तासांचा पॉवर रिझर्व्ह, म्हणजे पूर्ण चावी भरली की तेवढा वेळ चालतं, शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालूच असतं. स्टॉपवॉचचं बटण दाबताना लागणारा तो मऊ ठाम क्लिक, व्वा.

पण जाड आहे हो, फुल शर्टाच्या बाहीत अडकतं. आणि विकणाऱ्याने पट्ट्याच्या सगळ्या कड्या आहेत म्हणून सांगितलं होतं, घरी मोजल्या तर दोन कमी, सर्व्हिसची पावतीही नाही, वाईट वाटलं. जुनं घेताना कड्या तिथेच मोजा आणि पावसाळ्याआधी गॅस्केट (पाणी आत जाऊ न देणारी रिंग) तपासून घ्याच, आपल्याकडची दमट हवा घड्याळाला सोडत नाही.