ट्रॅकवर अधूनमधून जाणाऱ्या गाडीचे ब्रेक पॅड अन् ब्रेक ऑइल: १४ महिन्यांचा अनुभव

आधी गाडी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, वजन हजार किलोच्या आसपास, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. गाव हिंगणघाटपासून आत वीसेक किलोमीटर, अर्धा रस्ता डांबरी अन् अर्धा काळ्या मातीचा. हीच गाडी वावरात जाते, हीच आईला दवाखान्यात नेते, अन् हीच वर्षातून दोनदा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर जाते. ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, १२ वळणं. ट्रकवर टाकून गाडी न्यायची ऐपत नाही, म्हणून वडनेर, पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद करत हजारावर किलोमीटर चालवत जायचं, ट्रॅकवर फिरवायची, अन् त्याच पॅडवर (डिस्कला घासून गाडी थांबवणारे तुकडे) घरी परत यायचं. हे मुद्दाम सांगून राहिलो, कारण पॅडबद्दल मला जे सल्ले भेटले त्यातले बरेचसे ट्रेलरवर गाडी नेणाऱ्यांचे होते, त्यांना सकाळी थंड ब्रेकवर रोही (नीलगाय) आडवा येत नाही.

पहिल्या फेरीला गाडीत जे होतं तेच होतं. पॅड साधे, ब्रेक ऑइल डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत), तेही तीन वर्षांत बदललं नव्हतं. पहिले चार-पाच राउंड एकदम मस्त, मी तर भल्ला खूश. सहाव्या राउंडला सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक मारला तर पेडल निम्म्यापर्यंत नुसतं खाली गेलं, स्पंजसारखं, भराभर दोनदा पंप केलं तेव्हा कुठे थोडं धरलं अन् गाडी कशीबशी बाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबली. कोणाला काही झालं नाही. पण तो एक सेकंद मला आजही आठवते, पाय दाबलेला अन् पायाखाली काहीच नाही.

सगळ्यात फसवणारी गोष्ट ही की दोन तासांनी पेडल पुन्हा ठीक. गावी आल्यावर मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणे, "भाऊ, हवा आली असन, काढून टाकू." हवा नव्हती, ऑइल उकळलं होतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पातळ पदार्थ दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर पॅड दाबणाऱ्या पिस्टनपर्यंत पोचतच नाही, अन् थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होते अन् पेडल चांगलं वाटते. ज्याच्यासोबत हे झालं त्याने पेडल परत आलं म्हणून पुढच्या सेशनला, म्हणजे ट्रॅकवरच्या पुढच्या पाळीला, जाऊ नये.

किती उष्णता असते त्याचा हिशोब मी नंतर वहीत मांडला. हजार किलोची गाडी १४० वरून ७० वर आणली तर साडेपाचशे किलोज्यूलच्या वर ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, म्हणजे २० अंशाचं दीड लिटरच्या वर पाणी उकळीला येईल एवढी. त्यातली जास्त पुढच्या दोन डिस्कमध्ये. अन् हे एका ब्रेकचं झालं, एका राउंडला असे किती मारता, सेशन पंधरा-वीस मिनिटांचं, मध्ये थंड व्हायला वेळ नाही. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते हे शाळेत शिकलो होतो, तिथे ते पायाला समजलं.

मग ऑइल. आपण त्याला ऑइल म्हणतो पण ते खनिज तेल नाही, ग्लायकॉलवाला द्रव आहे अन् तो हवेतला ओलावा ओढून घेते. डब्यावर दोन आकडे असते, कोरा अन् ओला. कोरा म्हणजे सील फोडल्यावरचा उत्कलनबिंदू, ओला म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी शिरल्यावरचा. डॉट ३ ला किमान २०५ अन् १४० अंश लागते, डॉट ४ ला २३० अन् १५५, डॉट ५.१ ला २६० अन् १८०. माझं तीन वर्षं जुनं डॉट ३ म्हणजे १४० च्या जवळ आलं असणार, मग काय होणार. काढलं तेव्हा गुळाच्या कोऱ्या चहासारखं काळपट निघालं. आपल्याकडे मे महिन्यात ४६-४७ अंश अन् मग चार महिने ओल, त्यामुळे वर्षभर ठेवलेल्या ऑइलवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

मी मोतुल आरबीएफ ६०० टाकलं. कोरा उत्कलनबिंदू ३१२, ओला दोनशेच्या वर. मला अर्धा लिटरची बाटली सतराशेच्या आसपास पडली अन् पूर्ण जुनं काढून नवं भरायला दोन लागल्या. १४ महिन्यांत दोनदा बदललं, ट्रॅकवर पेडल एकदाही बसलं नाही. दुसऱ्या फेरीला तर जुलै होता, चेन्नईची दमट गरमी, तरी शेवटच्या राउंडला पेडल तिथल्या तिथे. फक्त रोजच्या वापरासाठी बदलायचं असेल तर एवढ्या महागाची गरज नाही, चांगलं डॉट ४ वर्षाला बदललं तरी खूप झालं. पण ट्रॅकवर एकदा जरी जायचं असेल तर पहिला पैसा इथे घाला. पॅड, चकचकीत छिद्रांच्या डिस्क, स्टीलच्या नळ्या सगळं नंतर.

दोन गोष्टी दुकानात सांभाळा. एक, डॉट ५ अन् डॉट ५.१ हे वेगळे आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं असते, ते बाकीच्यांत मिसळत नाही अन् एबीएसच्या गाडीत टाकू नये. मला तालुक्याच्या दुकानात "पाच काय अन् पाच पॉइंट एक काय, एकच हाये" म्हणून देऊन राहिले होते, मी डबा वाचला म्हणून वाचलो. दुसरं, मिस्त्रीकडचा उघडा डबा नको, तोंडात कागदाचा बोळा कोंबलेला तो डबा महिनोन् महिने तसाच असते. आपली सीलबंद बाटली घेऊन जा, उरलेलं ट्रॅकसाठी वापरू नका. अन् गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग फुगते.

हवा काढताना मिस्त्रीजवळ उभा राहिलो. आधी मागचं डावं चाक, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं, म्हणजे मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा जोर ऑइलला देणारा भाग) लांबचं आधी. काही गाड्यांत क्रम वेगळा असते, मॅन्युअल पाहून घ्या. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर सगळं परत करावं लागते. आमच्या मिस्त्रीनं हे आधी केलं नव्हतं एवढ्या बारकाईनं, पण माणूस मन लावून करणारा, दुसऱ्या वेळेस त्यानंच मला आठवण दिली.

आता पॅड. दुसऱ्या फेरीला ऑइल चांगलं, पॅड साधेच. यावेळी पेडल कडक होतं, पाय दाबला तर दगडासारखं, पण गाडी थांबेना, अन् कचरा जळल्यासारखा वास. हा वेगळा आजार आहे. पॅडमधली राळ तापून गॅस सोडते, पॅड अन् डिस्कच्या मध्ये त्याचा थर बसतो अन् घर्षण जाते. पेडल मऊ तर ऑइल, पेडल कडक पण थांबत नाही तर पॅड, एवढं लक्षात ठेवलं तरी पिटमध्ये (ट्रॅकच्या बाजूला गाडी थांबवायची जागा) अर्धं निदान होते.

इथे मी मोठी चूक केली. रागारागात थेट रेसिंगचे पॅड मागवले, जे तापल्यावरच धरतात. डिसेंबरात लावले. पाच आठवडे वापरले अन् काढले. पहाटे पाचला धुकं, पिकाला पाणी द्यायला निघालो, तुरीच्या वावरातून रोही एकदम रस्त्यावर, मी ब्रेक मारला तर लाकूड घासल्यासारखं झालं, गाडी आपली जाऊन राहिली. रोही उडी मारून निघून गेला, त्याच्या मागची दोन पिल्लंही. थंड पॅडनं धरलंच नाही. त्याशिवाय गावात शिरताना अशी किंचाळी की आईनं विचारलं, गाडीला काय झालं काऊन. डिस्कवर ओरखडेही पडले. पॅडचा दोष नाही, ते त्या कामाचे नव्हतेच, मी चुकीच्या जागी लावले.

मग मधला रस्ता घेतला. रस्त्यावर थंड धरतील अन् छोट्या सेशनची गरमी सोसतील असे, म्हणजे फास्ट रोड म्हणून जे विकतात ते. फेरोडो डीएस २५००, ईबीसी यलोस्टफ ही त्या वर्गातली नावं. मी ज्या कंपनीचे घेतले तिचं नाव देत नाही, कारण माझ्या गाडीला बसणारा नंबर तुमच्या गाडीला चालत नाही अन् लोक नाव पाहून मागवून मोकळे होतात. तुम्ही पॅडच्या कडेला छापलेली दोन अक्षरं पाहा, ती बऱ्याच पॅडवर असते. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक (पॅड किती धरते त्याचा आकडा) ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, पहिलं अक्षर ब्रेक कमी तापलेला असतानाचं अन् दुसरं खूप तापल्यावरचं. माझ्यासारख्याने पहिलं अक्षर ई असलेले घेऊ नये असं माझं मत झालंय, रोह्यानंतर तर पक्कं.

हे पॅड नऊ महिने लावून झाले, तेरा हजार किलोमीटर, त्यात ट्रॅकची एक फेरी. सकाळी पहिल्या ब्रेकला धरतात. ट्रॅकवर सातव्या-आठव्या राउंडला थोडा जोर जास्त लागते पण गाडी थांबते, अन् मी तिथे स्वतःहून एक राउंड हळू घेतो. चाकांवर काळी भुकटी जास्त, पावसात थोडी किरकिर. नवीन होते तेव्हा ११ मिलिमीटर होते, आता ६ च्या वर आहेत.

पॅड बसवणं हे अर्धं काम आहे. जुन्या डिस्कवरचा आधीच्या पॅडचा थर घासून काढला, अन् रिकाम्या सरळ रस्त्यावर पहाटे, मागेपुढे कोणी नसताना, साठवरून दहावर असं आठ-दहा वेळा आणलं, पूर्ण न थांबवता, मग दहा किलोमीटर ब्रेकला हात न लावता थंड केलं. पॅडचा बारीक थर डिस्कवर सारखा बसला पाहिजे, नाहीतर नंतर स्टिअरिंग थरथरते अन् लोक म्हणतात डिस्क वाकली.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे काळी माती. पावसाळ्यात कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिनांवर चिखल वाळते, पिन अडकते, मग एकच पॅड घासते. सप्टेंबरात उघडलं तर आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ निघाला, तीन महिन्यांतच. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉनचं ग्रीस लावलं, साधं ग्रीस लावू नका, रबर फुगते. तेव्हापासून वावरातून आल्यावर चाकाच्या आत पाण्याचा पाइप मारतो, थंड झाल्यावर, गरम डिस्कवर नाही. मागचे ड्रमही पावसाळ्यानंतर उघडून साफ केले.

ट्रॅकवरून पिटमध्ये आलो की हँडब्रेक ओढत नाही, तापलेल्या ड्रमला तसंच चिकटवून ठेवायचं नाही. गियरमध्ये ठेवतो अन् चाकाखाली गोटा. गोटा गावचाच, डिकीत असतो. त्याआधी एक पूर्ण राउंड ब्रेक कमीत कमी वापरून फिरतो.

पुढची फेरी जानेवारीत. दिवाळीनंतर ऑइल बदलायचं आहे, दोन सीलबंद बाटल्या वर माळ्यावर ठेवल्या आहेत, पोट्ट्यांचा हात पोचणार नाही अशा. पॅड ६ च्या वर आहेत म्हणून जायला चालतील असं वाटते, पण पातळ पॅडमधून उष्णता ऑइलकडे लवकर जाते, म्हणून नवीन जोडी सोबत नेईन अन् पहिल्या दिवसाच्या शेवटी मोजून ठरवीन. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, ती मिस्त्रीनं मागच्या आठवड्यात मोजली, अजून दीड मिलिमीटर बाकी आहे.