काळ्या मातीतला ट्रायपॉड: १७ महिने वापरल्यानंतर

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी नळदुर्गच्या किल्ल्यात, नर-मादी धबधब्यासमोर, माझ्या ट्रायपॉडचा एक पाय आपोआप खाली बसला. धाडकन नाही, हळूहळू. अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर लावून रिमोट दाबला आणि स्क्रीनवर पाहतो तर तटबंदी डावीकडे कललेली. लॉक हातात होता तेवढा जोर लावून पिळलं, पुन्हा कॅमेरा चढवला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पट्टा मनगटाला गुंडाळून उभा राहिलो, कारण खाली बोरी नदीचं पाणी होतं आणि वर दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली लेन्स.

ट्रायपॉड जून २०२४ मध्ये घेतला. १४,५०० रुपये. कार्बन फायबर, चार टप्प्यांचे पाय, वजन दीड किलोच्या आसपास, पिळाची म्हणजे ट्विस्ट लॉक. बाकीचे आकडे घेणाऱ्याने पाहिलेलेच असतात, ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण माझी तक्रार जवळजवळ सगळ्याच पिळाच्या लॉकना लागू होईल असं आता वाटतं. हा सगळा अनुभव मुख्यतः सगळ्यात खालच्या लॉकबद्दल आहे. पावसाळ्यात आणि आश्विन-कार्तिकात आपल्या मराठवाड्यात फोटो काढायचे असतील तर ट्रायपॉडमध्ये त्या एका लॉकइतकं महत्त्वाचं दुसरं काहीही नाही, असं माझं ठाम मत झालंय.

पहिलं वर्ष मी या ट्रायपॉडचं कौतुक करत फिरलो, आणि ते खोटं नव्हतं. सौताड्याला दरीच्या काठावर वारा इतका असतो की छत्री उलटी होते. मधल्या दांड्याच्या हुकाला बॅग अडकवली की हा जागचा हलला नाही. बॅग जमिनीला किंचित टेकेल एवढी खाली सोडायची, नाहीतर तीच झोके घेते आणि फोटो हलतो. सहस्रकुंडला पैनगंगेचे तुषार तासभर अंगावर घेतले, घरी येऊन पुसला, काही झालं नाही. ओल्या खडकावर रबरी पाय घट्ट बसतात. लोखंडी टोकं सोबत दिलीत, ती मी एकदाच लावली आणि काढून ठेवली. मऊ जमिनीत ती रुततच जातात.

आता मातीचं. माझ्या मामांची शेती औसा तालुक्यात आहे, आणि माझे निम्म्याहून जास्त फोटो तिथलेच. सप्टेंबरअखेर सोयाबीन पिवळं पडायला लागतं, पानगळ सुरू होते, बांधावर तेरडा असतो, तूर अजून हिरवीगार. पावसाने हवेतली धूळ बसलेली असते, त्यामुळे सकाळी साडेसहाच्या उन्हात पार पलीकडच्या गावाची टाकीसुद्धा स्वच्छ दिसते. परदेशातल्या लाल-केशरी पानांचे फोटो पाहून आपल्याकडे शरद नाही असं म्हणणाऱ्यांनी या दिवसांत एकदा सोयाबीनच्या रानात उभं राहावं. पण उभं राहायचं कशात, तर भारी काळ्या जमिनीत. चप्पल काढून हातात घ्यावी लागते आणि दहा पावलांत प्रत्येक पायाला किलोभर चिखल लागलेला असतो. ट्रायपॉडच्या तीन पायांचं तेच होतं.

नळदुर्गच्या काळ्या दगडात आणि मामांच्या रानातल्या मातीत तसं नातं आहे. दोन्ही एकाच बेसॉल्टची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. दगड झिजून झिजून त्यातून जी चिकणमाती झाली तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं, म्हणून उन्हाळ्यात याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. लॉकच्या रबरी रिंगला वाळू अडते, ही माती अडत नाही. पाण्याबरोबर आत जाते. ओली असते तोवर साबणासारखी घसरते, वाळली की सिमेंट होते. माझ्या लॉकने दोन्ही रूपं दाखवली: रानात पाय सटकायचा आणि घरी आल्यावर तेच लॉक दोन हातांनी फिरायचं नाही.

मामा ट्रायपॉडला तिफण म्हणतात, पेरणीच्या तीन फणांच्या अवजारावरून. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी मला बांधावरून हाक मारून सांगितलं होतं, "अरे, वाफसा येऊ दे की! ओल्या रानात तिफण कोण घालतं का?" पेरणीची तिफणसुद्धा वाफसा आल्याशिवाय, म्हणजे मातीतलं जास्तीचं पाणी उतरल्याशिवाय, रानात जात नाही, चिखलाने तिचे फण भरतात आणि ओली जमीन तुडवली की घट्ट होऊन बसते, हे मला शाळेपासून माहीत होतं. पण फोटोचा उजेड वाफशाची वाट पाहत नाही असं मी त्यांना म्हणालो आणि आत गेलो. असं किती वेळा केलं, मोजलं नाही.

मग २०२५ चा सप्टेंबर आला. मराठवाड्यात त्या महिन्यात काय झालं ते इथल्या कोणाला सांगायची गरज नाही. मामांच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी होतं आणि खालच्या अंगाची माती वाहून गेली. त्या दिवसांत मी कॅमेरा बाहेर काढला नाही. फोनवर पंचनाम्यासाठी फोटो काढले, चारी बाजूंनी, शेजाऱ्यांच्या रानांचेही. पाण्यात आडव्या झालेल्या पिकाचा ट्रायपॉड लावून, फिल्टर फिरवून फोटो काढणं मला जमलं नसतं आणि जमवायचंही नव्हतं. ट्रायपॉड कपाटात तसाच राहिला, ऑगस्टच्या शेवटच्या फेरीतला चिखल पोटात घेऊन. वरून मी पुसला होता. नळदुर्गला पाय बसला त्याची सुरुवात तिथे झाली.

नळदुर्गहून आल्यावर कंपनीला मेल केला. वॉरंटी दोन वर्षांची, म्हणजे अजून आठ महिने बाकी. जाहिरातीत हाच ट्रायपॉड पावसात, चिखलात उभा दाखवलाय. त्यांनी पाठवायला सांगितला, ४२० रुपये कुरिअर मी भरलं. बारा दिवसांनी उत्तर आलं की लॉकमध्ये बाहेरचे कण आढळल्यामुळे वॉरंटी लागू नाही, पूर्ण पाय बदलावा लागेल, ३,२०० रुपये. मी फोन केला. म्हटलं, पाय धड आहे, आतलं कडं तेवढं द्या, पैसे देतो. सुटा भाग मिळत नाही म्हणाले. निदान साफ तरी करा म्हटलं, तर ते सेवेत बसत नाही. ट्रायपॉड जसा गेला तसा परत आला, माझ्याच मामांच्या रानातली माती घेऊन. याचा राग मला अजूनही आहे. ज्याचं चिखलातलं चित्र दाखवून वस्तू विकली, तोच चिखल नंतर वापरणाऱ्याचा गुन्हा कसा ठरतो?

शेवटी ओट्यावर पेपर अंथरून मीच उघडला. ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी सांगतो, यात अवघड काही नाही. लॉकची कडी पूर्ण सैल करत गेलं की आटे सुटतात आणि खालची नळी ओढून बाहेर येते. नळीच्या वरच्या टोकाला अर्ध्या नळीसारखे प्लॅस्टिकचे दोन तुकडे असतात, ते निसटून पडतात, त्यांची जागा आणि दिशा आधी फोनवर टिपून ठेवा. कडीच्या आत एक चीर दिलेलं, एका बाजूला निमुळतं प्लॅस्टिकचं कडं असतं. खरी पकड त्याची. कडी पिळली की ते आवळलं जातं आणि नळीला धरतं. माझ्या त्या कड्याच्या चिरेत माती भरून दगड झाली होती, त्यामुळे आवळायला जागाच उरली नव्हती. टाचणीने टोकरली तर खपल्या निघाल्या, ओल्या बोटाने चोळली तर क्षणात पुन्हा तीच बुळबुळीत काळी. आणि चिरेच्या समोर, बरोबर मधोमध, केसाएवढा तडा. जोर लावून पिळल्याचा तो परिणाम.

इथे माझं मत एकदा बदललं. पिळाचं लॉक आपल्याकडे चालणारच नाही, खटक्याचं म्हणजे फ्लिप लॉक घ्यावं, असं मी ठरवून टाकलं. मित्राचा जुना अॅल्युमिनियमचा खटक्यांचा ट्रायपॉड पंधरा दिवस आणला. त्याचं चांगलं म्हणजे लॉक लागलं की नाही हे दुरून दिसतं, तांब्याभर पाणी ओतलं की चिखल निघून जातो आणि पकड ढिली झाली तर एका अॅलन की ने स्क्रू आवळता येतो. वाईट म्हणजे जड. येडशीच्या रामलिंगच्या पायऱ्या उतरून पुन्हा चढताना दम लागतो, दवाने ओल्या गवतात खटक्यांत गवताची पाती अडकतात आणि अंधारात बोट चिमटतं. तरी मी तोच घ्यायला निघालो होतो.

मग त्याच मित्राने विचारलं, तू पाय उघडतोस कोणत्या क्रमाने? मी म्हटलं, आधी वरचा जाड टप्पा, शेवटी खालचा बारीक. सगळीकडे तेच शिकवतात, जाड नळी जास्त स्थिर म्हणून. तो म्हणाला, म्हणजे खालचं लॉक दरवेळी जमिनीलगत, चिखलातच. मी चाट पडलो. पाण्यात किंवा चिखलात उभं राहायचं असेल तर क्रम उलटा करायचा: आधी सगळ्यात खालचा बारीक टप्पा पूर्ण बाहेर काढायचा, लॉक आपोआप हातभर वर जातं, आणि मग उंची लागेल तेवढी वरच्या टप्प्यांनी घ्यायची. चिखलात जाते ती नुसती नळी, ती पुसून आत घेता येते. थोडी स्थिरता जाते हे खरं, पण चिखलात रुतलेला पाय तसाही कितीसा स्थिर असतो?

म्हणून आता माझं मत असं: पिळाचं लॉक वाईट नाही, पण ते उलट्या क्रमाने वापरायचं हे पेटीतल्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिलेलं हवं. आत सहा भाषांमधली वॉरंटी आहे आणि साफसफाईबद्दल एक ओळ, मऊ कापडाने पुसा. दोन ओळी जास्त छापल्या असत्या तर माझं कडं तडकलं नसतं.

कडं लातूरच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यांनी करून दिलं. जुनं कडं हातात घेऊन त्यांनी कॅलिपरने तीन ठिकाणी मापलं, नायलॉनचा तुकडा लावला आणि वीस मिनिटांत निमुळतं कडं, चिरेसकट. १५० रुपये. त्यांनी एक गोष्ट विचारली ती मला फार आवडली: "हे आवळतं कुठं, टोकाला की अख्खं?" कंपनीत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आट्यांना बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावलं. कड्याला आणि नळीला ग्रीस लागता कामा नये, पकडच जाते.

नवीन कडं बसवून आता काही दिवस झाले. दोन वेळा नळदुर्ग, एकदा मामांच्या रानात, या वेळी वाफसा आल्यावर. सोयाबीनच्या जागी आता बरंचसं रिकामं रान आहे, हरभऱ्याची पेरणी चाललीय, तुरीला फूल येतंय. मामांनी रंगाच्या डब्यांची तीन झाकणं दिली आहेत, पायाखाली ठेवायला. त्यामुळे मऊ मातीत रुतणं जवळजवळ थांबलं. विकतच्या चकत्यांना आठशे रुपये पडतात, त्यांच्यापेक्षा ही झाकणं रुंद आहेत.

ओल्या दिवसांत हा ट्रायपॉड लागतोच का, असंही एकाने विचारलं, कारण नव्या कॅमेऱ्यांत स्थिरीकरण चांगलं असतं. अर्ध्या सेकंदाचा फोटो माझा हातातही कधी कधी जमतो. पण पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, लावला की दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि तो लावायलाच लागतो, कारण ओल्या पानांवरची आणि बेसॉल्टवरची पांढरी चकाकी त्याच्याशिवाय जात नाही. एका हाताने कॅमेरा धरून दुसऱ्या हाताने तो थोडा थोडा फिरवत चकाकी कुठे मरते ते पाहणं ट्रायपॉडशिवाय मला जमत नाही. सौताड्याला तुषारांत इंद्रधनुष्य उठलं होतं, फिल्टर फिरवताना एका जागी ते जवळजवळ नाहीसं झालं, पाव फेरा आणखी फिरवल्यावर आधीपेक्षा गडद होऊन परत आलं. इंद्रधनुष्याचा प्रकाश स्वतःच ध्रुवित, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा, असतो म्हणून असं होतं. काळ्या ओल्या दगडाने फ्रेम भरली असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, नाहीतर कॅमेरा त्या दगडाला करडा करून टाकतो आणि धबधब्याचं पाणी जळतं.

पायांवरचं फोमचं आवरण पाणी धरून ठेवतं, पिळून पंख्याखाली वाळवावं लागतं. वरचा बॉलहेड, म्हणजे कॅमेरा बसवायचं गोल डोकं, ठीक आहे, दवात थोडा जड फिरतो. पिशवीची चेन दुसऱ्या महिन्यातच गेली.

हाच ट्रायपॉड पुन्हा घेईन का? १४,५०० ला नाही. लॉकच्या आतलं कडं सुटं विकणाऱ्या एखाद्या कंपनीचा थोडा जड असला तरी घेईन, आणि दुकानात जाऊन सगळ्यात आधी खालचं लॉक त्यांच्यासमोर उघडून दाखवायला सांगेन. सध्या मात्र बदलायचा विचार नाही. उरलेल्या दोन पायांच्या खालच्या लॉकमधली आतली कडीही त्याच लेथवाल्यांकडे टाकली आहेत, बुधवारी मिळतील. जुनी काढलेली डब्यात ठेवणार आहे, मापाला.