कुत्र्याच्या खाजेवरची ‘जडीबुटी’ची पुडी घेण्याआधी, नागपूरकरांनो, हे वाचा

नागपुरात कुत्र्यांची खाज, केसगळती आणि ‘स्किन अ‍ॅलर्जी’ घरी येऊन बरी करून देणारी माणसं फिरत आहेत. त्यांच्यातल्या एकाने आमच्याकडून 16 हजार रुपये नेले. पैसे गेले ते गेलेच, पण त्याच्या औषधाने आमची चेरी आजारी पडली आणि मूळ खाज होती तिथेच राहिली. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार दिलेली आहे, आणि असे लोक नाव-नंबर बदलून दुसऱ्या भागात दुकान मांडतातच. त्याची पद्धत मात्र सविस्तर लिहिते, कारण ती बदलत नाही.

चेरी आमची लॅब्रेडोर, आता चार वर्षांची. दुसऱ्या पावसाळ्यापासून तिला पंजे चाटायची सवय लागली. फिक्या रंगाच्या कुत्र्यात हे लगेच दिसतं, लाळेने बोटांमधले केस गंजासारखे तांबूस होतात. मग कान झटकणं, कानाला आंबूस वास, पोटावर लाल चट्टे. आमच्या ले-आउटमधले अर्धे प्लॉट रिकामे आणि पाऊस पडला की त्यात कमरेएवढं गाजरगवत, म्हणून आम्ही त्यालाच दोष देत होतो. पण गेल्या वर्षी कूलर लागले, गवत पार वाळलं, तरी खाज थांबेना. जवळच्या क्लिनिकमध्ये इंजेक्शन दिलं की काही आठवडे बरं, मग पुन्हा तेच. तिथले डॉक्टर खरं तेच सांगत होते, की ही अ‍ॅलर्जी आहे, आयुष्यभर सांभाळावी लागेल. रात्रभर कुत्री खाजवते, तिच्या पट्ट्याचा खुळखुळ आवाज येत राहतो, घरात कोणाला झोप नाही. अशा वेळी ‘सांभाळावी लागेल’ हे उत्तर कोणाला आवडणार? या धंद्याचं गिऱ्हाईक नेमकं तिथे तयार होतं.

सकाळी फिरायला येणाऱ्या एका काकांनी नंबर दिला. माणूस स्कूटरवर आला आणि आल्याबरोबर थेट फरशीवर बसला. चेरीला हुंगू दिलं, मग अलगद कान उलटून पाहिला. कुत्री हाताळायचा त्याचा हात सफाईदार होता, हे मान्य करावंच लागेल. कार्डावर नावाआधी ‘डॉ.’, नोंदणी क्रमांक कुठेच नाही. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी.

“ताई, हे वरून लावून जात नाही. हे रक्तातलं आहे. डॉक्टर लोक स्टेरॉइड देऊन दाबून टाकतात, म्हणून परत परत येते. आपण जड से काढू.”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. स्टेरॉइडची भीती घालून त्याने आम्हाला डॉक्टरांपासून तोडलं, आणि पुडीत जे दिलं ते स्टेरॉइडच होतं.

पण आधी ‘टेस्ट’. चेरीच्या पाठीवरचे थोडे केस कापून कागदी पाकिटात घातले, बाहेरच्या लॅबला पाठवतो म्हणाला, 3,500 रुपये. रिपोर्ट रंगीत आणि भलामोठा आला. शंभरावर पदार्थांची यादी, त्यात चिकन, भात, गहू, अंडं, दूध, भोपळा, हळद, घरातली धूळ आणि कडुनिंबसुद्धा लाल रंगात. वाचून माणूस हादरतोच. त्यापुढचं पाऊल ठरलेलं, म्हणजे या सगळ्यातून सुटलेलं एकच खाणं आहे आणि ते त्याच्याकडेच मिळतं. 2,200 रुपयांची पिशवी.

कुत्र्याच्या केसांवरून त्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते कळत नाही. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञ पशुवैद्यांनी केस आणि लाळेवर होणाऱ्या अशाच चाचणीला खेळण्यातल्या प्राण्याचे खोटे केस आणि लाळेऐवजी सलाइनचं पाणी पाठवून पाहिलं होतं, तर त्या खेळण्यालाही अ‍ॅलर्जी निघाली. त्वचेत टोचून किंवा रक्तावर होणाऱ्या चाचण्या खऱ्या असतात, पण त्या धूळ, परागकण, बुरशी यांवरची लस बनवताना कामी येतात. खाण्यातली अ‍ॅलर्जी ओळखायला त्यांचाही भरवसा धरत नाहीत. त्यासाठी खाणं बदलून वाट पाहणं हाच मार्ग आहे, आणि तो कंटाळवाणा आहे.

मग पुड्या. खाकी-तपकिरी भुकटी, ओव्यासारखा वास, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. ना लेबल, ना बनवणाऱ्याचं नाव, ना तारीख. रोज एक, गुळात कालवून. महिन्याचे 2,400.

दुसऱ्या रात्री चेरी झोपली. आठवडाभरात पोटावरचे चट्टे फिकटले, पंजे कोरडे झाले. घरात दिवाळी. पण ज्या गोष्टीने आमचा विश्वास बसला, तीच गोष्ट खरी धोक्याची होती. खाण्यातल्या अ‍ॅलर्जीत खाणं बदललं तरी फरक नीट दिसायला आठ आठवडे लागू शकतात. तेल, मलम, काढे यांचा काही उपयोग झालाच तरी तो हळूहळू होतो. वर्षानुवर्षांची खाज एका-दोन दिवसांत बंद करणारी स्वस्त भुकटी म्हणजे बहुधा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून त्यात मिसळलेल्या. गोळ्यांची किंमत किरकोळ, बाकी सगळा वास ओव्याचा.

महिना उलटला आणि चेरी पाणी प्यायला लागली. म्हणजे प्यायची आधीही, आता भांडं रिकामं करून बाथरूममधल्या बादलीत तोंड घालायला लागली. कधी घरात लघवी न करणारी कुत्री रात्री हॉलमध्ये करायची आणि कोपऱ्यात जाऊन लपायची. भूक तर विचारू नका, कचऱ्याच्या डब्यातली मक्याची कणसं खाल्ली. कूलरसमोर पडूनही धापा टाकायची. पाठ वाळत चालली आणि पोट मात्र खाली लोंबायला लागलं, अंगावरची लव विरळ झाली.

फोन केला तर उत्तर तयार होतं. “काऊन घाबरून राहिले ताई? आतली घाण बाहेर निघून राहिली, म्हणून पाणी मागते ते. चांगलं लक्षण आहे.” वर 900 रुपयांचं लिव्हर टॉनिक. पुढे डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर टक्कल पडायला लागलं, तेव्हा म्हणाला, पुडी डबल करा.

डबल केली नाही. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात घेऊन गेलो. नागपूरचं हे कॉलेज 1958 सालचं आहे, तिथे विद्यार्थी शिकतात म्हणून नाकं मुरडणारे बरेच भेटतात. आम्हाला तपासणाऱ्या तरुण डॉक्टर मॅडमनी त्वचेकडे पाहण्याआधी विचारलं, “ही पाणी किती पिते?” आणि लगेच दुसरा प्रश्न, “कोणती पावडर, पुडी, काढा सुरू आहे का?” त्यांना हे नवीन नव्हतं.

ब्लेडला तेल लावून टकलाच्या कडेची त्वचा खरवडली आणि काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवली. लांबुळके, सिगारसारखे, आखूड पायांचे किडे हळूहळू हलत होते. डेमोडेक्स. हे किडे निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळाशीही थोडेफार असतातच, शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना आटोक्यात ठेवते. स्टेरॉइडने ती दाबली गेली की ते माजतात. मोठ्या वयाच्या कुत्र्यात हा प्रकार अचानक दिसला की डॉक्टर मागचं कारण शोधतात, ते यासाठीच. रक्ताच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे स्टेरॉइडने कुत्र्यात वाढणारं एक एन्झाइम, वाढलेलं. अंगभर स्टेरॉइड जास्त झाल्याची लक्षणं, आणि कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, मात्र जवळजवळ नाही. म्हणजे स्टेरॉइड बाहेरून येत होतं, आणि बाहेरून भरपूर मिळतंय म्हणून मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथींनी ते बनवणं सोडून दिलं होतं.

मी रागाने म्हटलं, आजच पुड्या कचऱ्यात टाकते. मॅडमनी थांबवलं. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: अशी पुडी सुरू असेल तर ती एकदम बंद करू नका, आधी डॉक्टर गाठा. झोपलेल्या ग्रंथी एका दिवसात जाग्या होत नाहीत. अचानक तोडलं तर उलट्या, कमालीचा अशक्तपणा, कोसळणं, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. चेरीला मोजलेल्या डोसात प्रेडनिसोलोन देऊन तो हळूहळू उतरवला. सोबत किड्यांसाठी गोळी, जी गोचिडांवरही चालते.

स्टेरॉइड म्हणजे विष, असं माझं मत झालेलं नाही. चांगले डॉक्टर ते गरजेपुरतं, ठरलेल्या दिवसांसाठी, वजन बघून देतात आणि काय देतोय ते सांगतात. आपल्याला न सांगता, किती ते न मोजता महिनोन्‌महिने दिलं जातं, तिथे सगळा घात आहे.

पुढचं काम सावकाशीचं होतं. आधी गोचिड-पिसवांचा बंदोबस्त, मग कानातल्या यीस्टचा, आंबूस वास त्याचाच होता. मग कधी न खाल्लेल्या मासळीवर आठ आठवडे, एक बिस्किटसुद्धा नाही. घरातल्या आजीला हे पटवणं चेरीला पटवण्यापेक्षा अवघड गेलं. नंतर चिकन पुन्हा सुरू केलं, खाज वाढली नाही. म्हणजे रिपोर्टमध्ये लाल रंगात छापलेलं चिकन निर्दोष. उरलं ते एटोपी, म्हणजे हवेतल्या-धुळीतल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी. फिरून आलं की पंजे धुऊन कोरडे करायचे, क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू दहा मिनिटं अंगावर ठेवून धुवायचा, खाज चढली की डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी. पहिल्या क्लिनिकने सांगितलं होतं तेच, सांभाळायचं.

त्या माणसाला फोन केला तेव्हा म्हणाला, पुडीत फक्त मंजिष्ठा, बावची आणि नीम आहे. म्हणजे ज्या नीमची अ‍ॅलर्जी त्यानेच रिपोर्टमध्ये दाखवली, तोच तो रोज चारत होता. हे विचारल्यावर फोन कट, मग नंबर ब्लॉक. बिल एकाही व्यवहाराचं नाही आणि यूपीआयवर दरवेळी वेगळ्याच बाईचं नाव.

तक्रारीचं म्हणाल तर, भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायदा 1984 नुसार नोंदणी असलेल्या पशुवैद्यालाच जनावरांवर उपचार करता येतात. राज्याच्या पशुवैद्यकीय परिषदेकडे त्यांची नोंदवही असते आणि महाराष्ट्राच्या परिषदेचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. या माणसाचं नाव त्या वहीत नाही. त्यामुळे एक अर्ज पोलीस ठाण्यात दिला आणि बिनलेबलच्या औषधासाठी दुसरा अन्न व औषध प्रशासनाकडे. दोन्हीकडे पोच मिळाली, अजून पुढे काही हललेलं नाही. फसवले गेलेले आणखी लोक अर्ज देतील तर कदाचित हलेल.

तुमच्याकडे अशा पुड्या उरल्या असतील तर फेकू नका. पाकिटासकट ठेवा, चॅट आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि कुत्र्याला डॉक्टरांकडे नेताना एक पुडी सोबत घेऊन जा.