उपग्रह पोचला, पण पावती मिळाली नाही

सेवा: छोटा उपग्रह इतरांच्या सोबतीने कक्षेत सोडणे, म्हणजे राइडशेअर. गुण: पाचपैकी साडेतीन. कापलेल्या दीड गुणांपैकी अर्धा वाट बघायला लावल्याचा, आणि पूर्ण एक गुण उपग्रह सोडल्यानंतरच्या सहा दिवसांचा.

कॅमेरा, संगणक, रेडिओ हे माझं खातं नाही. मी सांगाडा करते. आमचा उपग्रह ३यू, म्हणजे साधारण १० बाय १० बाय ३४ सेंटिमीटर, वजन चार किलोच्या आत. ज्या इंटिग्रेटर कंपनीमार्फत, म्हणजे रॉकेटवरची जागा विकणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत गेलो, तिचं आणि रॉकेटचंही नाव लिहिता येणार नाही, करारात तशी अट आहे. तेव्हा हे एका कंपनीचं नव्हे, एकूण या पद्धतीचं परीक्षण समजा.

पद्धत उभी आहे ती एका मापावर. १९९९ मध्ये जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्स या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या उपग्रहांसाठी १० सेंटिमीटरचा घन ठरवला, तोच क्यूबसॅट. त्याचा खरा फायदा रॉकेटवाल्यांना झाला. आत काय भरलंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं उरलं नाही. उपग्रह ठरलेल्या पेटीत बसला की झालं. या पेटीला डिप्लॉयर म्हणतात. आत स्प्रिंग, पुढे झाकण. वेळ आली की झाकण उघडतं आणि स्प्रिंग उपग्रहाला बाहेर ढकलते.

स्वस्ताई आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्सने फाल्कन ९ चा पहिला टप्पा कक्षेच्या मोहिमेनंतर परत जमिनीवर उतरवला, मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडवला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये २०० किलोपर्यंत १० लाख डॉलर असा राइडशेअरचा दर उघडपणे जाहीर केला. त्याआधी दर विचारला की ‘आधी बैठक घेऊ’ असं उत्तर यायचं. २४ जानेवारी २०२१ ला त्यांच्या पहिल्या ट्रान्सपोर्टर उड्डाणात एका रॉकेटने १४३ उपग्रह सोडले. २०१७ मधला पीएसएलव्हीचा १०४ चा विक्रम तिथे मोडला. चार किलोवाले आम्ही मात्र थेट रॉकेट कंपनीच्या दारात जात नाही. इंटिग्रेटर मोठी जागा घेतो, तिच्यात डिप्लॉयर मांडतो आणि एकेक खण विकतो. म्हणजे आम्ही पोटभाडेकरू, आणि तक्रार करायची ती मधल्या माणसाकडे.

विक्रीच्या वेळची सेवा उत्तम, यात वाद नाही. पहिल्याच कॉलवर तीन माणसं होती, प्रश्नांची उत्तरं दोन तासांत यायची. कागदपत्रांचे नमुने, व्हायब्रेशन टेस्टचे आकडे, बॅटरीबद्दलच्या अटी, सगळं एका फोल्डरमध्ये. कोणता पदार्थ निर्वातात वाफ सोडतो आणि म्हणून चालणार नाही, याचीसुद्धा यादी. पहिल्यांदा उपग्रह करणाऱ्या टीमला हे सोन्यासारखं आहे.

मग फिट चेकचा, म्हणजे उपग्रह पेटीत बसतो का ते बघण्याचा दिवस आला.

क्यूबसॅटच्या चार कडांना चार रेल असतात. पेटीतून सरकताना फक्त त्याच घासतात, म्हणून त्या हार्ड ॲनोडाइझ करायच्या असतात, म्हणजे धातूवर ऑक्साइडचा कठीण थर चढवायचा असतो, नाहीतर निर्वातात धातूला धातू चिकटतो. रुंदी १०० मिलिमीटर, सूट अधिक-उणे ०.१. आमच्या रेल कारखान्यातून १००.०८ होऊन आल्या. सुटीच्या आत होत्या, मी सही केली आणि भाग ॲनोडाइझिंगला पाठवून दिले. हार्ड ॲनोडाइझिंगचा थर साधारण ५० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०५ मिलिमीटरचा. त्यातला अर्धा धातूच्या आत जातो आणि अर्धा वर चढतो, म्हणजे एका बाजूला २५ मायक्रॉन, दोन बाजूंना ५०. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर झोपेतून उठून सांगितलं असतं. ड्रॉइंगवर लिहायचं मात्र राहिलं.

क्लीनरूममध्ये पांढऱ्या सुटात, दोन जोड हातमोजे घालून, आम्ही उपग्रह पेटीच्या तोंडाशी धरला. एक तृतीयांश आत गेला आणि थांबला. आवाज नाही, खरखर नाही, नुसता थांबला. इंटिग्रेटरचा तंत्रज्ञ म्हणाला, “ढकलू नका.” त्याने मायक्रोमीटर आणला, रेलवर तीन ठिकाणी लावला आणि आकडा मोठ्याने न वाचता माझ्यासमोर धरला. १००.१३.

त्या माणसाला माझ्याकडून पूर्ण गुण. ओरडला नाही, हसला नाही, ‘आमच्या नियमावलीत पान अमुक’ असंही म्हणाला नाही. चहाच्या सुट्टीत त्यानेच हिशेब मांडून दिला: थर काढून टाकला की दोन्ही बाजूंचा मिळून ०.१ जाईल, माप १००.०३ होईल, पुन्हा थर चढवला की ०.०५ वाढून १००.०८. म्हणजे नवीन रेल कापायची गरज नाही. उपग्रह पूर्ण उघडावा लागला, एकशे चौदा स्क्रू निघाले, अकरा दिवस गेले. कामही वाचलं आणि आमची जागाही, कारण प्रक्षेपणाला तेव्हा अवकाश होता. (हो, शब्द तोच आहे. त्या अकरा दिवसांत हा विनोद टीममध्ये सहाही जणांनी एकेकदा करून झाला.)

अवकाश इतका निघेल याची मात्र कल्पना नव्हती. राइडशेअरमध्ये तुमच्यासाठी कोणी थांबत नाही. उशीर झाला तर पुढच्या उड्डाणात जागा बघायची. उशीर त्यांना झाला तर मात्र तुम्ही थांबायचं. आमचं उड्डाण दोनदा पुढे गेलं. उपग्रह पेटीत बंद करून चौदा आठवडे झाले, त्या काळात त्याला हात लावता येत नाही, चार्जरही लावता येत नाही. लिथियम-आयन बॅटरी स्वतःहून फार झपाट्याने उतरत नाही, पण माणसाचं मन उतरतं. नासाच्या आर्टेमिस-१ या चंद्रमोहिमेबरोबर नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलेल्या १० छोट्या उपग्रहांपैकी काहींना महिनोन्महिने रॉकेटमध्ये बसूनही पुन्हा चार्ज करता आलं नव्हतं, हे आमच्यापैकी प्रत्येकाने वाचलेलं. आमच्या बॅटरीवाल्या मुलीने त्या चौदा आठवड्यांत बाकी काही केलं असेल असं वाटत नाही. ती रोज सकाळी तोच आलेख नव्याने काढायची.

कक्षेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे आमचं काही चाललंच नाही. साधारण ५२५ किलोमीटर उंची, सूर्याशी जुळवलेली, ध्रुवांवरून जाणारी. एक फेरी ९५ मिनिटांची. पृथ्वीचे फोटो काढणाऱ्यांना ही कक्षा लागते, कारण उपग्रह रोज त्याच स्थानिक वेळेला डोक्यावर येतो. गिऱ्हाईक त्यांचंच जास्त, म्हणून गाडी तिकडे जाते. आमच्या प्रयोगाला कमी कललेली कक्षा बरी पडली असती. मनासारखी कक्षा हवी असेल तर दोन वाटा आहेत. एक, डी-ऑर्बिट या कंपनीच्या आयऑनसारखं वाहन, जे रॉकेटमधून सुटल्यावर स्वतःचं इंजिन वापरून उपग्रहांना वेगवेगळ्या ठिकाणी सोडतं. दुसरी, आख्खं छोटं रॉकेट. रॉकेट लॅबचं इलेक्ट्रॉन अवघं १८ मीटर उंच, सुमारे ३०० किलो नेणारं, आणि इंजिनातले पंप चक्क बॅटरीवर चालणारे. जून २०२२ मध्ये त्याने नासाचा २५ किलोचा कॅपस्टोन उपग्रह चंद्राच्या वाटेला लावला. आमचं बजेट या दोन्ही वाटांच्या तोंडाशीच संपत होतं.

छोट्या रॉकेटांचा मोह पडलेल्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. व्हर्जिन ऑर्बिटने विमानाच्या पंखाखालून रॉकेट सोडून दाखवलं होतं, कल्पना झकास होती. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून निघालेल्या उड्डाणात इंधनाच्या नळीतला एक फिल्टर जागचा सुटला आणि नऊ उपग्रह गेले. एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दरपत्रक बघताना कंपनी दोन वर्षांनी असेल का, हेही विचारावं लागतं.

आता त्या पूर्ण कापलेल्या गुणाकडे.

उड्डाण निर्विघ्न झालं. झाकण उघडल्याचा संदेश इंटिग्रेटरने पुढे पाठवला, टाळ्या झाल्या. क्यूबसॅटच्या नियमाप्रमाणे सुटल्यानंतर ४५ मिनिटं रेडिओ चालू करायचा नसतो, तेवढा वेळ आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. पहिला पास, म्हणजे उपग्रहाची आमच्या डोक्यावरची पहिली फेरी गेली, काही नाही. दुसरा गेला. तिसऱ्या पासला रात्री पावणेतीन वाजता वॉटरफॉलच्या, म्हणजे रेडिओ संकेत वेळेनुसार रेखाटणाऱ्या आलेखाच्या, निळ्या पडद्यावर एक फिकट पिवळी रेघ उमटली. उपग्रह जवळ येताना त्याची फ्रीक्वेन्सी थोडी वर ऐकू येते, दूर जाताना खाली. ४३७ मेगाहर्ट्झला हा फरक दोन्हीकडे १० किलोहर्ट्झच्या आसपास भरतो. त्यामुळे ती रेघ झोपलेल्या एस अक्षरासारखी वळते. आमचा रेडिओवाला खुर्चीतून उठला, पण बोलला एवढंच: “चाळीस सेकंद लवकर आलाय.”

इथून खरी गंमत. त्या रॉकेटमधून साठाहून जास्त उपग्रह सुटले होते. रडारला ते ठिपके दिसतात, अमेरिकी अंतराळ दलाची यादी त्यांची कक्षाही देते, पण बुटांच्या खोक्याएवढा कोणता ठिपका कोणाचा हे रडार सांगू शकत नाही. यादीत नुसतं ऑब्जेक्ट अमुक, ऑब्जेक्ट तमुक. ते ओळखण्यासाठी नेमकं कुठे, कोणत्या क्षणी, कोणत्या वेगाने सोडलं ही नोंद लागते. माझ्या लेखी हीच डिलिव्हरीची पावती. करारात लिहिलं होतं ‘उपलब्ध झाल्यावर देऊ’. विक्रीच्या वेळी दोन तासांत उत्तर देणारे आता ‘टीमकडे पाठवलं आहे’ म्हणू लागले.

मग आम्हीच शोधायला बसलो. पडद्यावरची ती एस जिथे मधोमध वळते, तो क्षण म्हणजे उपग्रह आमच्या सर्वांत जवळ असण्याचा. तो घड्याळ लावून टिपायचा, आणि यादीतला कोणता ठिपका त्या क्षणी तिथे असायला हवा होता ते बघायचं. पहिल्या दिवशी वीसएक ठिपके जुळत होते. पण दोन उपग्रहांच्या सुटण्याच्या वेगात कक्षेच्या दिशेने सेकंदाला फक्त १ मीटरचा फरक असला, तरी दिवसभरात त्यांच्यात अडीचशे किलोमीटरच्या वर अंतर पडतं, म्हणजे डोक्यावरून जाताना अर्ध्या मिनिटाचं. रोज उमेदवार गळत गेले: नऊ, चार, दोन. सॅटनॉग्स या खुल्या जाळ्यावरच्या हौशी रेडिओवाल्यांनी आमचा बीकन, म्हणजे उपग्रह ठरावीक वेळाने पाठवतो तो ओळखीचा संदेश, पकडून नोंदी टाकल्या, एक पैसा न घेता. पाचव्या दिवशी एकच ठिपका उरला.

सहाव्या दिवशी इंटिग्रेटरची फाइल आली. तिच्यात आमचं नाव शेजारच्या खणातल्या उपग्रहापुढे होतं. आम्ही आमचे आलेख जोडून कळवलं, तेव्हा दोन तासांत उत्तर आलं: धन्यवाद, दुरुस्त केलं आहे. तो शेजारी उपग्रह ज्यांचा, ती टीम सहा दिवस अँटेना भलत्याच दिशेला फिरवत होती, हे नंतर कळलं.

परवान्यांबद्दल लिहायला बसले तर वेगळं परीक्षण होईल. फ्रीक्वेन्सीची परवानगी आम्हाला उपग्रह बनवण्यापेक्षा जास्त काळ पुरली. आणि हा त्रास फक्त लहानांनाच आहे असं नाही. वार्डा या कंपनीने जून २०२३ मध्ये औषधाचे स्फटिक बनवणारी कुपी वर पाठवली, पण ती खाली उतरवायचा परवाना मिळून ती युटाच्या वाळवंटात टेकेपर्यंत फेब्रुवारी २०२४ उजाडला. आमचा डबा खाली आणायचा नाही, तो जळून जाईल. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, २०२२ मध्ये काम संपल्यावर ५ वर्षांच्या आत कक्षा रिकामी करण्याचा नियम केला. आमच्या उंचीवर विरळ हवाच ते काम करते, किती लवकर ते सूर्याच्या लहरीवर.

मग पुन्हा जाल का, असं कोणी विचारलं तर हो, आणि याच इंटिग्रेटरकडे. जागा नोंदवून झाली आहे. चार किलोसाठी दुसरं कोण दारात उभं करणार? फक्त या वेळी करारात ‘उपलब्ध झाल्यावर’ खोडून ‘सुटल्यापासून सहा तासांत’ असं लिहून घेतलंय. त्यांनी थोडी खळखळ केली, मग मान्य केलं. मायक्रोमीटरवाला तंत्रज्ञ अजून तिथेच आहे याची चौकशी मी स्वतः केली. आणि नव्या उपग्रहाच्या ड्रॉइंगवर रेलच्या मापाशेजारी दोन शब्द ठळक छापले आहेत: ॲनोडाइझिंगनंतर मोजणे.