पैसा जाणार का अंगठा? अनबाउंड आणि रेडआउट २, एकच घ्यायची तर

सेल लागला की आमच्यातल्या पोरांचा एकच प्रश्न असतो आणि यावेळी तो खानापूरच्या मामेभावाने विचारला. "दादा, रेसिंगची एकच गेम घ्यायची हाय, नीड फॉर स्पीड अनबाउंड घेऊ का रेडआउट २? दोन्ही लई अवघड म्हणतात." फोनवर अर्धा तास सांगितलं, मधे दोनदा रेंज गेली, आणि शेवटी तो म्हणतो, "म्हणजे कुठली घेऊ?" म्हणून लिहूनच काढतोय.

दोन्ही माझ्याकडं आहेत. अनबाउंडची स्टोरी संपवली, रेडआउटचं करिअर अजून निम्म्यावर अडकलंय. पण इथं मुद्दाम पहिल्या आठ-दहा तासांचंच बोलणार, कारण गेम सोडणारे तिथंच सोडतात. माझ्यासोबत मामेभावाने सुट्टीत येऊन दोन्ही थोड्या थोड्या खेळल्यात आणि बेळगावच्या उद्यमबागेत माझ्याच शिफ्टला असलेला एक दोस्त पण खेळलाय, त्या दोघांचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे तेही सांगतो.

आधी एक गैरसमज काढूया. दोन्ही आर्केड, म्हणजे खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल न करणाऱ्या रेसिंग गेम. आर्केड म्हणजे सोपं असं आपल्याकडं डोक्यात बसलंय, आणि त्याला कारण २००५ ची नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड. टिळकवाडीतल्या सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून जे शिकलो ते हेच की खांबाला धडकलो तरी चालतंय, पुढचा गाडीवाला आपल्यासाठी थांबल्यासारखा करतोय, शेवटच्या वळणापर्यंत सगळे एका दोरीत बांधल्यासारखे. ती सवय घेऊन या दोन्हीपैकी कुठलीही गेम उघडली की पहिल्या तासात नाक कापलं जातं. टायरचं टेंपरेचर, गिअरचं गणित असलं सिम्युलेशनवालं काही नाही, तरी अवघड आहेत, आणि दोघींचं अवघडपण एका जातीचं नाही. तिथंच सगळा निर्णय आहे.

अनबाउंड आली २ डिसेंबर २०२२ ला, बनवली क्रायटेरियनने, म्हणजे बर्नआउट या जुन्या रेसिंग गेमवाले. शहराचं नाव लेकशोर, शिकागोवरून उचललेलं. गाडी चालवायला खरं तर अवघड नाही, तासाभरात हात बसतो. अवघड आहे तो खिसा. गेममधला खिसा म्हणतोय. बऱ्याच रेसला आधी एंट्रीचे पैसे भरायचे, मग पळायचं, आणि सुरुवातीला तुमची गाडी इतकी मरतुकडी असते की पहिला नंबर येतच नाही. चौथा, पाचवा, कधी तिसरा. मामेभाऊ पहिल्या दिवशी तीन वेळा पाचवा आला आणि म्हणाला गेम बिघडली आहे. बिघडलेली नाही, तशीच बनवली आहे. चौथ्यालाही थोडे पैसे मिळतात, ते साठवायचे, गाडीला सामान लावायचं, आणि आठवड्याच्या शेवटी शनिवारी जी क्वालिफायर, म्हणजे पुढं जायची मोठी रेस असते तिची एंट्री आणि त्या क्लासची गाडी जमवायची. म्हणजे सोमवार ते शनिवार हिशोब. पगार आणि हप्ता, दुसरं काय!

वर रिस्टार्ट मोजकेच. डिफिकल्टी वाढवली की ते आणखी कमी होतात. पहिल्या वळणाला चुकलो की लगेच रिस्टार्ट मारायची जी आपल्याला खोड आहे ती इथं महागात पडते, संध्याकाळपर्यंत रिस्टार्ट संपलेले असतात आणि मग उरलेल्या रेस जशा पडतील तशा पळायच्या. मला हे आवडलं. दोस्ताला अजिबात नाही आवडलं, तो म्हणतो दिवसभर कंपनीत एक पार्ट रिजेक्ट झाला तर ऐकून घ्यायचं आणि घरी येऊन गेममध्ये पण तेच का.

आणि पोलिस. रेस केली की हीट, म्हणजे पोलिस किती मागं लागणार त्याचा आकडा, वाढते, दिवसाची हीट रात्रीला तशीच पुढं येते, पाचापर्यंत जाते. जिंकलेले पैसे अंगावर असतात, गॅरेजमध्ये पोचलो तरच जमा. धरलं की गेले. याचा खरा खेळ मला कळला त्या रात्री ज्या रात्री मी शेवटची एक रेस जास्त केली. अंगावर बऱ्यापैकी रक्कम, हीट चार, गॅरेज मॅपवर समोर दिसतंय, दोन वळणं फक्त. वर हेलिकॉप्टर. मी पुलाखाली जाऊन गाडी थांबवून बसलो, लाईटचा गोल झोत रस्त्यावरून फिरतोय, इकडं आई दारात, "जेवायला येतोस का ताट झाकून ठेवू", मी म्हटलं एक मिनिट, आणि ते एक मिनिट बावीस मिनिटं चाललं. शेवटी गॅरेजच्या तोंडाशी जीपड्यासारख्या मोठ्या पोलिस गाडीने आडवं येऊन धरलं. सगळं गेलं. ताट झाकलेलंच होतं.

त्यानंतर मी दोन दिवस उघडली नाही. पण तिसऱ्या दिवशी उघडल्यावर वेगळं खेळायला लागलो, म्हणजे तीन रेस झाल्या की घर, लालूच नको. अनबाउंडमध्ये शिकायचं ते हेच, कधी थांबायचं. ड्रिफ्ट (वळणावर गाडी घसरवणं), नायट्रो (क्षणभराचा जादा जोर), ते सगळं नंतर येतं. (बर्स्ट नायट्रो म्हणून एक पिवळी पट्टी असते, ड्रिफ्ट मारून, समोरच्या गाडीला घासून ती भरते, ती वापरायला विसरलात तर मात्र कुणाच्या मागं लागू शकणार नाही. आम्ही तिघंही पहिले दोन तास विसरलो होतो.)

आता रेडआउट २. ही आली १६ जून २०२२ ला, इटलीतल्या तुरीनची ३४ बिग थिंग्ज म्हणून छोटी कंपनी आहे त्यांची. चाकं नाहीत, रस्त्यावर तरंगणारी यानं, भिंतीवरून, उलटं, लूपमधून, ताशी हजार किलोमीटरच्या वर स्पीड. १९९५ ची वाइपआउट किंवा निन्तेन्दोची २००३ ची एफ-झीरो जीएक्स ज्याने खेळली त्याला घराणं लगेच कळेल. आपल्याकडं त्या फार जणांनी खेळलेल्या नाहीत, त्यामुळं पहिला धक्का मोठा असतो.

इथं पैशाचं टेन्शन जवळजवळ नाही. हरलो, परत लाव, हरलो, परत लाव, दोन-तीन मिनिटांची रेस. पोलिस नाहीत, हिशोब नाही. अवघड आहेत ते तुमचे दोन अंगठे. डाव्या स्टिकने वळायचं हे ठीक आहे, पण उजव्या स्टिकने यान आडवं सरकवायचं आणि त्याच स्टिकने नाक वर-खाली करायचं. म्हणजे चढ आला की नाक उचल, उतार आला की दाब, नाही केलं तर पोट रस्त्याला घासतंय आणि स्पीड गेला, किंवा यान हवेत उडून ट्रॅकच्या बाहेर. चोर्ल्याचा घाट उतरताना गाडी पुढं झुकते आणि आपण आपोआप पाय ब्रेकवर घट्ट करतो ना, तसं काहीतरी हाताला आपोआप यायला हवं. ते पहिल्या पाच तासात येत नाही. मला सातव्या तासाला आलं, आणि तेही एका लूपमध्ये, अचानक, नाक दाबून धरलं होतं आणि घासल्याचा आवाजच आला नाही. मी खुर्चीतच ओरडलो.

नावाचं पण एक सांगतो, रेडआउट ही वैमानिकांची खरी भानगड आहे. विमान जोरात खाली दाबलं की रक्त डोक्याकडं धावतं आणि नजर लाल होते, उलट झालं तर काळोखी येते. गेममध्ये कडा लाल होतात ते त्यासाठी. मामेभावाला वाटलं मॉनिटर गेला.

बूस्टचं, म्हणजे जादा स्पीडच्या बटणाचं पण तसंच. धरून ठेवलं की यान तापतं, तापून लाल रेषेच्या वर गेलं की बॉडी झिजायला लागते. सगळे नवे लोक, मी धरून, बटण दाबूनच ठेवतात आणि तिसऱ्या लॅपला फुटतात. सोडत-सोडत मारायचं असतं.

सेटिंगमध्ये असिस्ट भरपूर आहेत, वळायला मदत, नाक सांभाळायला मदत, आणि विरोधक सोपे करता येतात. ते लावायला लाजू नका. मी लाजलो आणि चार संध्याकाळी फुकट घालवल्या. दोस्ताने पहिल्या मिनिटाला सगळे असिस्ट लावले, मजेत खेळला, मग एकेक काढत गेला, आणि आज तो माझ्यापेक्षा फास्ट आहे. मान्य करायला जड जातंय पण आहे.

आता समोरासमोर ठेवायचं तर पहिली गोष्ट कंट्रोलर. अनबाउंड कीबोर्डवर आरामात होते, मामेभाऊ जेवढी खेळला तेवढी कीबोर्डवरच खेळला. रेडआउट कीबोर्डवर म्हणजे शिक्षा, दोन स्टिकचं काम आठ बटणांवर, बोटांची गाठ. तर तुमच्या बजेटमध्ये रेडआउटसोबत कंट्रोलरचे पैसे पण धरा, आणि स्वस्तातला घेताना जपून. मी एका दुकानातून घेतलेल्याची उजवी स्टिक महिन्यात आपोआप वर सरकायला लागली आणि मला वाटत राहिलं की मीच नाक उचलतोय. अनबाउंडमध्ये असा कंट्रोलर चालून गेला असता.

दुसरं मशीन. अनबाउंड पीसी, पीएस५ आणि नव्या एक्सबॉक्सवरच आहे, पीएस४ वर नाही, हे न बघता घ्यायला निघालेले दोघं माझ्या ओळखीत आहेत. पीसीवर किमान १०५० टीआय ग्राफिक कार्ड आणि ८ जीबी रॅम मागते, जागा ५० जीबी धरा, आणि आपल्याकडच्या नेटवर ते डाउनलोड रात्री लावून झोपायचं. शिवाय स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतली तरी ईए या तिच्या कंपनीचं वेगळं अ‍ॅप आणि लॉगिन. रेडआउट पीएस४ वर पण आहे. माझ्या मशीनवर ती जास्त स्मूथ चालते, पण एक आहे, अशा स्पीडला फ्रेम अडखळली की भिंतच, त्यामुळं ग्राफिक कमी करून फ्रेम वाढवा.

तिसरं, बसायला किती वेळ आहे. अनबाउंडमध्ये एक दिवस आणि एक रात्र नीट खेळायची तर तासभर लागतो, मधे उठायचं मन होत नाही. रेडआउट चहा उकळेपर्यंत दोन रेस. आणि लाईटचं बघा, उन्हाळ्यात वळीव आला की आमच्या वडगावात लाईट गेलीच. रेडआउटमध्ये दोन मिनिटांचं नुकसान. पोलिस मागं असताना गेली की काय होतं ते मी सांगत नाही, यूपीएस घ्या.

दिसण्या-ऐकण्याचं थोडक्यात. अनबाउंडमध्ये गाडीमागं कार्टूनसारखा धूर, पंख, चित्रं निघतात, सुरुवातीला लोकांनी त्यावरच जास्त वाद घातला, मला आठवड्यात सवय झाली. त्यातली पात्रं मात्र गाडी चालवताना अखंड बडबडतात, ते नाही सहन झालं. रेडआउटमध्ये कुणी बोलत नाही, गाणी जबरदस्त. स्टोरी पण नाही, ज्याला स्टोरी पाहिजे त्याने तिकडं जाऊच नये.

मित्रांसोबत खेळायचं म्हणाल तर अनबाउंड. स्टोरीचे पैसे आणि ऑनलाइनचे पैसे वेगळे असतात हे लक्षात ठेवा, स्टोरीतली भारी गाडी घेऊन तिकडं जाता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून. रेडआउटला मी ऑनलाइन गेलो तेव्हा लॉबी, म्हणजे खेळाडू जमतात ती जागा, रिकामीच मिळाली. आम्ही मग घरीच टाइम काढून एकमेकांना दाखवतो, हरणाऱ्याने बेळगावचा गोड कुंदा आणायचा. मी आतापर्यंत तीन वेळा आणलाय.

दोन्ही जड वाटत असतील तर बाजूला दोन नावं. २०१९ ची नीड फॉर स्पीड हीट, पीएस४ वर आहे, दिवसा पैसे रात्री नाव असा सोपा भाग, पैशाची ओढाताण कमी, पण रात्रीचे पोलिस तिथंही दया करत नाहीत आणि पेट्रोल पंपावर गाडी दुरुस्त करायची संधी रात्रीत तीनदाच. आणि जुना लॅपटॉप असेल, ग्राफिक कार्डच नसेल तर बॅलिस्टिक एनजी, २०१८ ची, मुद्दाम पहिल्या प्लेस्टेशनसारखी ओबडधोबड दिसणारी, फक्त पीसीवर. उडणाऱ्या यानांची हौस आहे का नाही हे कमी पैशात तपासायला हीच बरी, स्लो क्लासपासून सुरू करता येतं.

मामेभावाकडं १६५० ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप, कंट्रोलर नाही, शनिवार-रविवार मोकळा, आणि हरला की चिडतो पण सोडत नाही. त्याला अनबाउंड घे म्हटलं. दोस्त सेकंड शिफ्टवरून रात्री बाराला येतो, अर्धा तास खेळून झोपतो, त्याने रेडआउटच ठेवली, अनबाउंड त्याने माझ्याकडं दोन दिवस खेळून सोडली ती सोडलीच. मला विचाराल तर मनाने अनबाउंड आणि हाताने रेडआउट, पण एकच घ्यायची असती तर मी आज रेडआउट घेतली असती, कारण हरल्यावर फक्त स्वतःवर राग येतो.

परवा रात्री पावणेबाराला खानापूरवरून मेसेज आला. "दादा धरलं. गॅरेज समोर दिसत होतं." मी विचारलं किती गेले. सांगितलं नाही.